दांतांची शुभ्रता : घरचा उपाय कीं दंतवैद्याचा?

आजच्या भाषणाचा विषय दिसावयास लहान आहे. दांत पांढरे करावयाचे झाल्यास ते घरच्या घरीं करावे, कीं दंतवैद्याकडे जाऊन करून घ्यावे, एवढाच प्रश्न. मी वैद्य नव्हें. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, यवतमाळ जिल्ह्यांतील खेड्यांतून मुलांना शिकवून आतां घरीं बसलेला शाळामास्तर आहें. तथापि ज्यानें आयुष्य मुलांच्या तोंडांकडे पाहण्यांत घालविलें, त्यानें दांतांविषयीं चार शब्द बोलल्यास आपण राग मानणार नाहीं, अशी आशा आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, निरोगी दांत दुधासारखा पांढरा नसतोच. दांताचें बाहेरचें कवच, ज्याला इनॅमल म्हणतात, तें अर्धपारदर्शक असतें. आणि त्याच्या आंतील डेंटीन नांवाचा थर मुळांतच पिंवळसर असतो. वय वाढतें तसें कवच झिजत जातें व आंतला पिंवळेपणा अधिक दिसूं लागतो. साठीच्या गृहस्थानें विशींतल्या नटाचे दांत मागूं नयेत, तें याचसाठीं. शिवाय शुभ्रतेची ही हौस सर्व काळीं होती असेंही नाहीं. आपल्याच पणज्या दांतवण लावून दांत काळे करीत आणि त्यांत सौभाग्याची शोभा मानीत. जपानांतही काळ्या दांतांची चाल एकोणिसाव्या शतकापर्यंत प्रतिष्ठित होती.

असो. हौस आहे हें खरें धरून पुढें जाऊं. घर कीं दवाखाना याचा निवाडा पैशावरून होत नाहीं. डाग कोठें बसला आहे यावरून होतो. चहा, कॉफी, पान, तंबाखू यांचे डाग बाहेरून बसतात. उलट, लहानपणीं पाण्यांतून अधिक गेलेलें फ्लोराइड, आठ वर्षांच्या आंतील वयांत घेतलेलें टेट्रासायक्लिन हें औषध, किंवा मार लागून आंतून मेलेला दांत, यांचा रंग दांताच्या अंगांत मुरलेला असतो. पहिला डाग भांड्याला लागलेल्या काजळीसारखा, दुसरा सुताला दिलेल्या रंगासारखा. घांसून काजळी निघेल. रंगलेलें सूत घांसल्यानें विरतें, पांढरें होत नाहीं.

आतां घरचे उपाय पाहूं. लिंबू आणि मीठ, खाण्याचा सोडा, कोळशाची पूड, राखुंडी. यांतील लिंबू सर्वांत घातक. आम्लता मोजण्याचें जें पीएच नांवाचें माप आहे, त्यांत सुमारें ५.५ च्या खालीं इनॅमल विरूं लागतें. लिंबाचा रस त्या मापांत २ च्या आसपास येतो. इनॅमलमध्यें जिवंत पेशी नसतात, म्हणून मोडलेलें हाड जसें सांधतें तसें तें पुन्हां भरून येत नाहीं. लिंबू चोळून दोन दिवस दांत उजळ वाटतात. कवच पातळ झालें म्हणजे पूर्वींपेक्षां पिंवळे दिसतात आणि थंड पाण्यानें ठणकतात. कोळशाची सध्यां मोठी जाहिरात चालते. अमेरिकन दंतवैद्यसंघाच्या मासिकांत २०१७ सालीं या कोळशावरील लेखांचा आढावा आला. तो निर्धोक आहे किंवा उपयोगी आहे असें म्हणण्याइतका पुरावा त्यांत आढळला नाहीं. आमच्या आजीच्या राखुंडीला पेटींत घालून तिची किंमत वाढविली, याहून त्यांत अधिक कांहीं नाहीं.

बाजारांतील ‘शुभ्र करणाऱ्या’ टूथपेस्टी वरचा डाग थोडाफार काढतात, आंतल्या रंगापर्यंत पोंचत नाहींत. कांहींत निळसर रंग घातलेला असतो. धुतलेल्या धोतराला आपण नीळ देतों तोच हा प्रकार. पिंवळेपणा डोळ्यांना कमी भासतो इतकेंच.

आणि मशेरी. तिच्याविषयीं मात्र मी घाईनें पुढें जाणार नाहीं. दांत स्वच्छ होतात म्हणून आमच्या मायबहिणी भाजलेली तंबाखू सकाळसंध्याकाळ हिरड्यांवर घांसतात. तिनें दांत काळवंडतात, व्यसन लागतें, आणि तोंडाच्या कर्करोगाची वाट मोकळी होते. दांतांच्या स्वच्छतेच्या नांवाखालीं तंबाखू घराघरांत शिरली, याची खंत मला मास्तर म्हणून फार वाटते. कारण मुली ती आईपासूनच शिकतात.

खरा रंग उतरवितें तें पेरॉक्साइड. याचा घरगुती उपयोग योगायोगानें सांपडला. १९६८ च्या सुमारास अमेरिकेंतील आर्कान्सा प्रांतांतील एका दंतवैद्यानें हिरड्या बऱ्या व्हाव्या म्हणून रोग्यांना कार्बामाइड पेरॉक्साइड रात्रीं दांतांवरील सांच्यांत घालून ठेवावयास सांगितलें. हिरड्या बऱ्या झाल्या, आणि दांतही उजळले! १९८९ सालीं हेवूड व हेमन या दोघांनीं ही पद्धत शास्त्रीय नियतकालिकांत मांडली. आजही तीच चालते. वैद्य आपल्या दांतांचा मापाचा सांचा करून देतो. त्यांत साधारण १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड, म्हणजे सुमारें साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, घालून रात्रीं तो घालावयाचा. दोन आठवड्यांत फरक दिसतो. दवाखान्यांतील पद्धतींत द्रव्य २५ ते ४० टक्के इतकें तीव्र असतें. म्हणून हिरड्या आधीं झांकून घ्याव्या लागतात. काम तासाभरांत होतें, खर्च अधिक येतो. अखेरचा रंग दोहींचा जवळपास सारखाच. लग्नाला चार दिवस उरले असतील तर दवाखाना. सवड असेल तर वैद्यानें दिलेला सांचा बरा, असें माझें मत. निळा दिवा तोंडापुढें धरतात, त्याचा टिकाऊ लाभ फारसा नाहीं. दोन्ही रीतींत दांत कांहीं दिवस शिवशिवतात, आणि चहा-पानाची संवय असल्यास रंग पुन्हां चढतो. सिमेंट भरलेले किंवा टोपी बसविलेले दांत मात्र कशानेंच उजळत नाहींत; शेजारचे पांढरे झाले म्हणजे ते उलट उघडे पडतात.

मग तेंच द्रव्य दुकानांतून आणून स्वतः लावलें तर? युरोपीय संघानें २०११ सालीं नियम केला : ०.१ टक्क्याहून अधिक व ६ टक्क्यांपर्यंतचें द्रव्य केवळ दंतवैद्यालाच विकावें, पहिला प्रयोग त्याच्या देखरेखीखालीं व्हावा, आणि अठरा वर्षांखालील मुलांना तें देऊंच नये. कारण उघड आहे. किडलेल्या दांतांत किंवा फाटलेल्या हिरडींत हें औषध शिरलें तर वेदना होतात. आणि कीड आहे कीं नाहीं हें आरशांत कळत नाहीं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी लग्नाच्या बोलण्यांच्या दिवसांत मजकडे आली होती. आमच्या जिल्ह्यांत, तसेंच चंद्रपूर व नांदेडकडे, कित्येक विंधनविहिरींच्या पाण्यांत फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅम या मर्यादेहून अधिक असतें. तिच्या गांवचें पाणी तसेंच. दांतांवर तपकिरी पट्टे. शाळेंत असतां एका तपासनिसानें “दांत घांसत जा” म्हणून तिला वर्गासमोर उभें केलें होतें. तेव्हांपासून ती हंसली कीं ओढणी तोंडाशीं नेई. “गुरुजी, सहा महिने मीठ-लिंबू लावतें, आतां पाणी पितांनाही कळ येते. तालुक्याला एक पार्लरवाली एका बैठकींत मोत्यासारखे करून देतें म्हणते,” असें ती म्हणाली. मी म्हटलें, “अगे, हा तुझा आळस नव्हे, पाण्याचा डाग आहे. घांसून जाणार नाहीं. पार्लरचे पैसे नागपूरच्या गाडीभाड्याला ठेव.” वडिलांबरोबर ती तेथील शासकीय दंत महाविद्यालयांत गेली. त्यांनीं लिंबू बंद करविलें, कळ थांबूं दिली, मग पट्ट्यांचा वरचा पातळ थर जपून घांसून काढला आणि सांचा दिला. पट्टे पुरते गेले नाहींत; फिके झाले. आरंभीं तर पांढरे ठिपके अधिक उठून दिसले होते, पण तसें होईल हें तिला आधींच सांगितलेलें असल्यामुळें ती घाबरली नाहीं.

तेव्हां पैसे मोजणें असेलच तर पहिला खर्च तपासणी आणि साफसफाई यांवर करावा. दांतांवरील कीट काढल्यानें दांत हलूं लागतात ही समजूत खोटी आहे. कीटानें धरून ठेवलेला, आधींच सैल झालेला दांत तेवढा त्यानंतर उघड होतो. पुष्कळांना केवळ या सफाईनेंच हवा तो उजाळा मिळतो. गर्भवतीनें पेरॉक्साइड तूर्त टाळावें. वैद्य नोंदणी झालेला आहे ना, हें विचारण्यास संकोच करूं नये. त्या नोंदणीची व्यवस्था आपल्याकडे १९४८ च्या कायद्यानेंच झालेली आहे.

आणि जे तंबाखू किंवा मशेरी घेतात त्यांनीं खुर्चीवर बसल्यावर दांतांआधीं गालाची आंतली बाजू आणि जिभेच्या कडा वैद्याला दाखवाव्या. तेथें न पुसला जाणारा पांढरा किंवा तांबडा चट्टा, अथवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर शुभ्रतेचें काम बाजूला ठेवून त्याची तपासणी त्याच दिवशीं सुरूं करावयास सांगावें.