संगणकाची तर्कभाषा आमच्या गांवीं

आजचा विषय मला कळविण्यांत आला तेव्हां मी थोडा बिचकलों. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, भंडारा जिल्ह्यांत वैनगंगेच्या कांठच्या गांवांतून पस्तीस वर्षें मुलांना पाढे व व्याकरण शिकविलेला मनुष्य. संगणकाच्या शास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार तो काय? परंतु या प्रकरणाची सुरुवात माझ्याच एका जुन्या वहींतून झाली, आणि त्या वहीबद्दल मात्र माझ्याइतकें कोणी जाणत नाहीं. तेवढ्या आधारावर चार शब्द बोलतों.

खेड्यांतील मास्तराला शिकविण्याखेरीज आणखी एक काम असतें, तें म्हणजे अर्ज लिहून देणें. घरचा कर्ता वारला कीं सात-बाऱ्यावर वारसांचीं नांवें चढवावीं लागतात. त्यासाठीं तलाठ्याकडे अर्ज करावा लागतो व सोबत वंशावळ जोडावी लागते. अशा सव्वाशेंच्या वर वंशावळी मीं लिहून दिल्या, आणि प्रत्येकीची नक्कल एका लांबट वहींत ठेविली. कां ठेविली म्हणाल, तर मास्तराचा स्वभाव, दुसरें काय?

माझ्या थोरल्या भावाची नात नागपुरास संगणकशास्त्र शिकते. गेल्या उन्हाळ्यांत ती सुटीवर आली, वही चाळून पाहिली आणि म्हणाली, “आबा, ही तर आयती प्रोलॉग आहे!”

“प्रोलॉग म्हणजे काय ग?” मीं विचारलें. त्या दुपारीं तिनें मला जें सांगितलें त्याचा सारांश असा. संगणकाच्या बहुतेक भाषांत यंत्राला ‘आधीं हें कर, मग तें कर’ अशा आज्ञा द्याव्या लागतात. प्रोलॉग या भाषेंत आज्ञा देत नाहींत. घडलेल्या गोष्टी सांगतात, नियम सांगतात, आणि मग प्रश्न विचारतात. उत्तर यंत्रानें आपल्या तर्कानें काढावयाचें. ही भाषा १९७२ सालीं फ्रान्सांतील मार्सेय येथें अ‍ॅलेन कॉल्मेरोअर व फिलिप रूसेल यांनीं सिद्ध केली. तिच्या मागील तर्कशास्त्राची बैठक एडिंबरोच्या रॉबर्ट कोवाल्स्की यांनीं घालून दिली होती. १९८२ सालीं जपाननें तर्कावर चालणारीं नवीं यंत्रें घडविण्याची मोठी योजना आंखली. दहा वर्षांनीं ती आटोपली, पण जग जिंकण्याची आशा कांहीं फळली नाहीं. तरी भाषा मेली नाहीं. २०११ सालीं अमेरिकेंतील एका प्रश्नोत्तरांच्या खेळांत आयबीएमच्या ‘वॉटसन’ या यंत्रानें नामांकित खेळाडूंना हरविलें, त्यांतहि वाक्यें उलगडण्याच्या कामीं प्रोलॉगचा उपयोग केला होता.

नात्यागोत्यांचें उदाहरण हें या भाषेच्या पुस्तकांतून पहिल्या पाठापासून येतें. परंतु तीं पुस्तकें इंग्रजी. त्यांत एका ‘अंकल’मध्यें सारे आटोपतात. आमच्याकडे काका वेगळा, मामा वेगळा, आत्याचा नवरा वेगळा आणि मावशीचा त्याहून वेगळा. म्हणजे या भाषेला खरें काम द्यावयाचें तर मराठी घरच पाहिजे! मामाचा नियम एका ओळींत बसतो: अमक्याची आई अमुक, आणि त्या आईचा भाऊ तमुक, तर तमुक हा अमक्याचा मामा. हा नियम देवनागरींतहि लिहितां येतो. एक अडचण मात्र येते. या भाषेंत ‘अमुक-तमुक’ अशा अनिश्चित नामांचा आरंभ इंग्रजी मोठ्या अक्षरानें करावा लागतो. आपल्या लिपींत मोठें-लहान अक्षर हा भेदच नाहीं. म्हणून अशा नामाच्या आधीं एक अधोरेषा ओढावयाची, म्हणजे यंत्र समजतें.

आमच्या गांवच्या शाळेंत दहा जुने संगणक आहेत आणि इंटरनेट नाहीं. त्यांवर ही भाषा बसवावी व मुलांनीं नात्यांचे नियम स्वतः लिहावे, असा बेत ठरला. गांवांतील चार घरांनीं संमति दिली, तेवढींच पानें वहींतून घेतलीं. अ‍ॅमस्टरडॅमच्या विद्यापीठांत यान वीलेमाकर यांनीं १९८७ सालीं आरंभिलेली ‘एसडब्ल्यूआय-प्रोलॉग’ ही आवृत्ति फुकट मिळते, तीच घ्यावयाची होती. नागपुराहून मुलगी एका पेन ड्राइव्हवर तिचें पुडकें घेऊन आली. आम्हीं तें पहिल्या यंत्रांत घातलें आणि यंत्रानें तें साफ नाकारलें.

येथें पुडकें म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. लग्नाचा आचारी ठरविला कीं तो आधीं यादी देतो: इतकें तेल, इतकी तुरीची डाळ, दोन मोठीं पातेलीं. आचारी आला म्हणजे जेवण झालें असें नव्हे. यादींतलें सामान घरांत असावें लागतें. डेबियन किंवा उबंटू या प्रणालींच्या पुडक्यांतहि असेच दोन भाग असतात: एकांत प्रत्यक्ष माल, दुसऱ्यांत कागदपत्र. पुडक्याचें नांव, आवृत्ति, तें कोणत्या जातीच्या यंत्रासाठीं, आणि चालण्यास आणखी कोणकोणतीं पुडकीं लागतात, हें सर्व त्या कागदपत्रांत असतें. इंटरनेट असेल तर प्रणाली ती यादी वाचून बाकीचें सामान आपण होऊन आणते. शहरांतील माणसाला यादी असते हेंसुद्धां कळत नाहीं. आमच्याकडे आचारी तेवढा आला होता, डाळ नागपुरांत राहिली होती.

दुसऱ्या खेपेस तिनें यादींतील सर्व पुडकीं आणलीं. पुन्हां नकार! तिचा स्वतःचा संगणक नवा, शाळेचे जुने. नव्या प्रणालीसाठीं बांधलेल्या पुडक्यास मूळ ग्रंथालयाची, ज्यावर प्रत्येक कार्यक्रम उभा राहतो त्याची, अधिक नवी आवृत्ति हवी होती. जुन्या घरांत नव्या मापाची चौकट बसेना. तेव्हां तिसऱ्या खेपेस पुडक्याचा नादच सोडून मूळ लेखन आणलें व शाळेच्याच यंत्रावर तें बांधून काढलें. दोन कप चहा होईपर्यंत पडद्यावर ओळी धांवत होत्या. शेवटीं प्रश्नचिन्ह व आडवी रेघ दिसली, म्हणजे भाषा विचारावयाच्या प्रश्नाची वाट पाहूं लागली. पोर टाळ्या पिटूं लागली.

मीं मास्तरी परीक्षा घेतली. एक गुणिले दोन गुणिले तीन असा गुणाकार वीसपर्यंत कर म्हटलें. उत्तर आलें: २४३२९०२००८१७६६४००००. मीं कागदावर ताळा घेतला, बरोबर. एकवीसपर्यंत कर म्हटलें, तों संख्या मर्यादेबाहेर गेल्याची तक्रार. मुलगी गोंधळली. कारण तिच्या नागपूरच्या यंत्रावर शंभरपर्यंतचा गुणाकार, १५८ अंकी, चटकन येत असे.

कारण शोधण्यांत एक दिवस गेला. यंत्राच्या एका घरांत चौसष्ट द्विमान अंक मावतात. एकवीसचा गुणाकार त्याबाहेर पडतो. त्याहून मोठ्या संख्या हाताळण्याचें काम ‘जीएमपी’ नांवाचें वेगळें ग्रंथालय करतें. तें शाळेच्या यंत्रावर होतें, पण त्याच्याशीं व्यवहार कसा करावा हें बांधणाराला सांगणारीं पानें नव्हतीं. तीं वेगळ्या पुडक्यांत येतात. बांधणाऱ्या कार्यक्रमानें ‘जीएमपी सांपडलें नाहीं’ अशी एक ओळ धांवतां धांवतां दाखविली होती, आणि तो त्यावांचून पुढें गेला होता. चहाच्या कपामागें ती ओळ आम्हांला दिसली नाहीं. पहिल्या दोन खेपांस यंत्रानें स्पष्ट नकार दिला, म्हणून चूक कळली. तिसऱ्या खेपेस त्यानें होकार दिला आणि घरांत एक उणीव ठेवून दिली. माझ्या मतें ही तिसरी चूक सर्वांत वाईट.

मग मात्र तिनें काम नीट केलें. शाळेच्या यंत्रांपैकीं एकावर सर्व साधनें आणून भाषा पुन्हां बांधली आणि त्या बांधकामाचें स्वतः पुडकें तयार केलें. यादींत जीएमपीचें नांव स्पष्ट घातलें, म्हणजे तें नसेल तर पुडकें बसणारच नाहीं. आमच्या नात्यांच्या नियमांचें दुसरें लहान पुडकें केलें. त्याच्या यादींत पहिल्याचें नांव व किमान आवृत्ति. उरलेल्या नऊ यंत्रांवर तें सर्व एका सकाळींच बसलें.

श्रोतेहो, माझी गोष्ट येथें संपली असती तर मला समाधान झालें असतें.

शाळा उघडल्यावर सातवींतील एका मुलानें आपलें व आपल्या आईचें नांव यंत्रांत भरलें आणि गांवांतील एका शेतकऱ्याचें नांव घालून विचारलें, हा माझा मामा आहे काय? यंत्रानें उत्तर दिलें: असत्य. मुलगा हंसून म्हणाला, “मास्तर, तुमचें यंत्र खोटें बोलतें. काल रात्रीं मी मामाकडेच जेवलों.”

नियम तपासला, तो बरोबर होता. मग वहींतलें पान काढलें. त्या घरची वंशावळ २०११ सालीं मीं लिहिली होती. बापाखालीं तीन मुलगे होते. मुलगी नव्हती.

माझ्या नातीनें मला या भाषेचा एक धर्म समजावून सांगितला. यंत्राला जें सिद्ध करतां येत नाहीं तें तें खोटें धरतें. १९७८ सालीं कीथ क्लार्क या विद्वानानें या पद्धतीची मीमांसा केली आहे. मला लहानपणीं कानांवर पडलेला आपला शास्त्रार्थ आठवला. भाट्ट मीमांसक अनुपलब्धि हें प्रमाण मानतात: जमिनीवर घट दिसत नाहीं, म्हणून घट नाहीं. पण त्यांनीं अट घातली आहे कीं घट असता तर दिसला असता, अशी स्थिति पाहिजे. अंधाऱ्या खोलींत घट दिसला नाहीं तर तें प्रमाण नव्हे. यंत्राला ही अट ठाऊक नाहीं. त्याला मीं वही दिली, आणि ती अंधारी खोली होती.

भावांनीं तेव्हां मला सांगितलें होतें, “बहिणीला कांहीं नको आहे, मास्तर.” १९५६ च्या कायद्यानें मुलगी बापाच्या मिळकतींत वारस झाली, २००५ च्या दुरुस्तीनें वडिलार्जित मिळकतींतहि तिला मुलाच्या बरोबरीनें हक्क मिळाला, हें मला माहीत होतें. नको असेल तर तिनें हक्कसोडपत्र नोंदवून द्यावें लागतें, हेंहि माहीत होतें. तरी भावांच्या शब्दावर मीं तिचें नांवच लिहिलें नाहीं. सोडण्यासारखा हक्क तिला आहे हेंच मीं कागदावरून पुसलें.

मी त्या बाईंच्या घरीं गेलों. ती शेजारच्याच गांवीं दिलेली आहे. तिनें पाणी दिलें, सर्व ऐकून घेतलें. म्हणाली, “गुरुजी, तुम्हीं विचारलें असतें तर मीं सोडूनहि दिलें असतें.” आतां काय करणार तें तिनें सांगितलें नाहीं; विचारण्याचें धाडस मला झालें नाहीं. दुरुस्तीचा अर्ज माझ्याच हातानें लिहून तिच्याजवळ ठेवून आलों आहें. सही तिनें करावी कीं न करावी, तें तिचें.

परत येऊन वहींतील पहिलीं चाळीस पानें घरोघर विचारून ताडून पाहिलीं. अकरा पानांवर मुली गळलेल्या निघाल्या. त्यांतील तिघी आतां हयात नाहींत.

नातीला पत्र लिहून हें कळविलें. तिनें पुडक्याची दुसरी आवृत्ति पाठविली आहे. तींत प्रत्येक घरापुढें एक नवी नोंद आहे: हें पान घरच्या लेकीबाळींना विचारून ताडलें काय? ती नोंद नसेल तर यंत्र आतां ‘असत्य’ म्हणत नाहीं, ‘माहीत नाहीं’ म्हणतें. दहांपैकीं सहा यंत्रांवर ती बसली आहे. चार पुढील आठवड्यांत बसतील. वहीचीं पंचाऐंशीं पानें अजून बाकी आहेत. पावसानें उघडीप दिली कीं उद्यां मोहाडीच्या बाजूच्या घरांपासून आरंभ करीन म्हणतों.