दहशतवाद आणि गावचा जागल्या



पूर्वी आपल्याकडे गावोगावी जागल्या असे. रात्री गाव निजले की काठी आणि कंदील घेऊन तो फेरी घाली आणि मधून मधून हाक देई. तुमच्यातील वडीलधाऱ्या मंडळींनी ती हाक ऐकली असेल, निदान आजोबांच्या तोंडून तिच्याविषयी ऐकले असेल. जागल्याच्या कामाच्या अटी साध्या होत्या. त्याने झोपू नये, चोराशी संगनमत करू नये आणि उगाच ओरडून गाव उठवू नये. दहशतवादाविषयी आज मला जे सांगावयाचे आहे, ते या जागल्यावरून सांगितले तर लवकर ध्यानात येईल असे वाटते.

आधी दहशतवाद म्हणजे काय ते पाहू. दरोडेखोराला पैसा हवा असतो. वैरातून खून करणाऱ्याचे भांडण मेलेल्या माणसाशी असते. दहशतवाद्याला मात्र मेलेल्या माणसाचे नावही पुष्कळदा ठाऊक नसते. त्याला जिवंत राहिलेल्यांना भेडसावायचे असते, आणि त्या भीतीच्या जोरावर आपला राजकीय हेतू साधायचा असतो. एवढे स्पष्ट असूनही जगातल्या राष्ट्रांचे या शब्दाच्या व्याख्येवर एकमत झालेले नाही. भारताने १९९६ साली संयुक्त राष्ट्रांपुढे दहशतवादाविरुद्ध एका व्यापक कराराचा मसुदा मांडला. कोणाला दहशतवादी म्हणावे आणि कोणाला स्वातंत्र्यासाठी लढणारा म्हणावे, या वादात तो आजवर अडकून पडला आहे.

१२ मार्च १९९३ रोजी मुंबईत एकामागून एक बारा स्फोट झाले. मी तेव्हा शाळेत होतो. रात्रीच्या बातम्यांना आमच्या घरच्या रेडिओभोवती सारी आळी जमली होती आणि कोणी बोलत नव्हते, एवढे मला आठवते. त्या स्फोटांत २५७ माणसे गेली, सातशेहून अधिक जखमी झाली. पुढे खटल्यात उघड झाले की शस्त्रे आणि आरडीएक्स नावाचे स्फोटक हे सारे समुद्रमार्गाने आले होते, आणि ते रायगड जिल्ह्यात दिघी व शेखाडी येथे उतरवले गेले होते. म्हणजे मुंबईचा घात कोकणातल्या लहानशा बंदरांवरून झाला. बरे, तेथे पहारा नव्हता असे नाही. पण कस्टमचे काही अधिकारी आणि काही पोलिस या खटल्यात दोषी ठरले. पैसे घेऊन त्यांनी डोळे मिटले होते. नेहमीचे चोरटे सोने-चांदी असेल, आपल्याला काय त्याचे, असे त्यांतील एखाद्याला वाटलेही असेल. पण लाच घेणाऱ्याला गोणीत काय आहे ते विचारण्याचा अधिकार उरत नाही. जागल्या विकला गेला की काय होते, त्याचे याहून मोठे उदाहरण आपल्याकडे नाही.

आता दुसरी रात्र पाहा, २६ नोव्हेंबर २००८ ची. कराचीहून निघालेल्या दहा जणांनी समुद्रात 'कुबेर' नावाची मासेमारीची बोट बळकावली, तिच्यावरच्या खलाशांचा जीव घेतला आणि रबरी होडीतून ते कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीपाशी उतरले. तेथल्या काही कोळी मंडळींनी त्यांना पाहिले, हटकलेही. पण पाहिलेली गोष्ट योग्य ठिकाणी वेळेत पोचावी अशी व्यवस्था तेव्हा तोकडी होती. पुढे तीन दिवस मुंबई जळत राहिली आणि १६६ माणसे प्राणांस मुकली.

त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर पोलिसांनी एक मोटार अडवली. तीत दोन दहशतवादी होते. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे पुढे झाले. ते सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. हातात फक्त लाठी. समोरच्याने रायफल रोखली, तेव्हा ओंबळ्यांनी तिची नळीच धरली आणि गोळ्या अंगावर झेलल्या. त्यांनी ती सोडली नाही, म्हणून त्यांचे सहकारी वाचले आणि अजमल कसाब जिवंत सापडला. दहांपैकी जिवंत हाती लागलेला तो एकटाच. त्यामुळे हा कट कोठे शिजला हे जगापुढे पुराव्यानिशी मांडता आले. ओंबळ्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. १९९३ च्या चौकीवर हत्यारबंद शिपाई होते. २००८ च्या चौपाटीवर एक लाठी होती. फरक हत्याराचा नव्हता, श्रोतेहो, माणसाचा होता.

या घटनेनंतर सरकारने पुष्कळ गोष्टी केल्या. २००८ च्या अखेरीस राष्ट्रीय तपास यंत्रणा स्थापन झाली. राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो पूर्वी दिल्लीजवळच्या मानेसरहून यावे लागत. त्यांचे केंद्र २००९ साली मुंबईत आले. महाराष्ट्र पोलिसांनी 'फोर्स वन' हे स्वतःचे पथक उभारले. सागरी सुरक्षेची मुख्य जबाबदारी नौदलाकडे आली, किनाऱ्यावर सागरी पोलिस ठाणी वाढली, मच्छीमारांना ओळखपत्रे दिली गेली, होड्यांची नोंदणी झाली. समुद्रात काही वावगे दिसले तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे, आणि जमिनीवर कोठेही ११२. कोकणातल्या श्रोत्यांनी हे दोन आकडे होडीच्या फळीवर रंगवून ठेवावेत.

पण दहशतवादाचीही तऱ्हा बदलत चालली आहे. पहिली गोष्ट म्हणजे हत्यार साधे होत आहे. १४ जुलै २०१६ रोजी फ्रान्समधील नीस या शहरात एका माणसाने भाड्याने घेतलेला मालट्रक गर्दीत घातला आणि ८६ जण ठार झाले. त्याला बॉम्ब लागला नाही. २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनमधून स्फोटके टाकली गेली. शेतात औषध फवारण्यासाठी जे उडते यंत्र तुम्ही हल्ली पाहता, त्याचेच हे भावंड.

दुसरी गोष्ट प्रसिद्धीची. मुंबईच्या हल्ल्याच्या वेळी पाकिस्तानात बसलेले सूत्रधार दूरचित्रवाणीवर सारे पाहत होते आणि फोनवरून आपल्या माणसांना सूचना देत होते. अशा कारवाईचे थेट प्रक्षेपण वाहिन्यांनी करू नये असा नियम २०१५ साली झाला. पण आता वाहिनीचीही गरज उरलेली नाही. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे दोन मशिदींत ५१ लोकांना मारणाऱ्याने ते कृत्य स्वतःच कॅमेऱ्यातून जगाला दाखवले. ते दृश्य पुढे पाठवणारा प्रत्येक जण नकळत त्याचा हरकाम्या झाला.

आणखी एक सांगतो. क्राइस्टचर्चचा मारेकरी गोरा होता आणि मुसलमानांचा द्वेष करणारा होता. २०११ साली नॉर्वेत ७७ जणांना मारणाराही तसाच. उलट २०१९ च्या ईस्टरला श्रीलंकेत चर्चमध्ये आणि हॉटेलांत बॉम्ब उडवणारे इस्लामच्या नावाने मारीत होते. तेव्हा हा रोग एका धर्माच्या माथी मारणे वस्तुस्थितीला धरून नाही.

तिसरी गोष्ट भरतीची, आणि ती आपल्या घराच्या फार जवळ आली आहे. २०१४ साली कल्याणचे चार तरुण घर सोडून इराकात 'इसिस'च्या टोळीत सामील होण्यास गेले. घरच्यांना कळले तेव्हा पोरे देशाबाहेर पोचली होती. त्यांना वेड लावण्यात इंटरनेटचा मोठा वाटा होता. अशा तरुणांना घरच्यांच्या मदतीने समजावून मागे वळवण्याचे प्रयत्न आपल्या दहशतवादविरोधी पथकाने केले आहेत. म्हणजे पकडण्याइतकेच परतवणे हेही आता पोलिसांचे काम झाले आहे.

चौथी गोष्ट पैशाची. पैशावाचून टोळी चालत नाही. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २००१ साली दहशतवाद्यांना पैसा पुरवणे हा प्रत्येक देशात गुन्हा ठरवावा असा ठराव केला. पैशाच्या वाटांवर नजर ठेवणाऱ्या 'एफएटीएफ' या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१८ ते २०२२ अशी चार वर्षे पाकिस्तानला वाढीव देखरेखीच्या यादीत ठेवले होते. आता तुम्ही म्हणाल, याचा आमच्या गावाशी काय संबंध? संबंध आहे. हजार-दोन हजार रुपये घेऊन आपले बँकेचे खाते दुसऱ्याला वापरू देणारी, आपल्या नावाचे सिमकार्ड कोणाला तरी देणारी मुले मी तालुक्याच्या गावी पाहिली आहेत. शेखाडीच्या गोणीत काय आहे हे जसे कोणी विचारले नाही, तसे या खात्यातून काय गेले हे त्यांनाही ठाऊक नसते. हे करू नका, मुलांना करू देऊ नका.

आता जागल्याच्या तिसऱ्या अटीकडे वळू. उगाच ओरडू नये. लांडग्याची गोष्ट आपण शाळेत शिकलोच आहोत. पण त्या गोष्टीत खोट्या हाकेने फक्त मेंढरे गेली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याची मोबाईलवरची अफवा खरी मानून जमावाने पाच निरपराध माणसांना ठेचून मारले. ते भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी होते. तेथे दहशतवादी कोणी नव्हता, पण भीती तीच होती. भ्यालेल्या गावाला दहशतवाद्याची गरज राहत नाही.

हीच गोष्ट तपासाची. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले आणि पावणेदोनशेहून अधिक प्रवासी ठार झाले. २०१५ साली बारा जण दोषी ठरले, त्यांतील पाच जणांना फाशी सुनावली गेली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पुराव्याअभावी ते सारे दोषमुक्त केले. राज्य सरकारने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. पण एकोणीस वर्षांनी त्या मृतांच्या नातेवाइकांच्या हाती काय पडले, याचा विचार करा. चुकीचा माणूस धरला तर दोन अन्याय होतात: एक त्याच्यावर, दुसरा खरा गुन्हेगार मोकळा राहतो म्हणून मृतांवर. उलट कसाबला वकील दिला गेला, खटला तीन न्यायालयांतून गेला, आणि मगच २१ नोव्हेंबर २०१२ रोजी त्याला फाशी झाली. त्याच खटल्यातील दोन भारतीय आरोपींना पुरावा नाही म्हणून सोडण्यातही आले. म्हणूनच त्या निकालाकडे बोट दाखवायला जगात कोणाला जागा राहिली नाही.

शेवटी माझ्या वर्गातील एक प्रसंग सांगतो. २२ एप्रिल २०२५ रोजी काश्मीरमध्ये पहलगामजवळ दहशतवाद्यांनी पर्यटकांना धर्म विचारून गोळ्या घातल्या. २६ जण गेले. त्यांत डोंबिवली, पुणे आणि पनवेलची मिळून आपल्या महाराष्ट्रातील सहा माणसे होती. ७ मे रोजी भारतीय सैन्याने सीमेपलीकडील नऊ ठिकाणी हल्ले केले, आणि जुलैमध्ये ते तीन मारेकरी काश्मीरच्या जंगलात मारले गेले. हे काम सैन्याचे होते, त्याने ते केले.

पण धर्म विचारून मारण्याचा हेतू काय असतो? बैसरणच्या कुरणात झाडलेली गोळी आपल्या आळीत लागावी, हा. त्या आठवड्यात माझा एक मुसलमान विद्यार्थी दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी दारातच मला गाठून म्हणाला, "सर, मी परीक्षेपुरताच येऊ का?" वर्गात त्याला कोणी मारले नव्हते, शिवीही दिली नव्हती. त्याच्या बाकावर शेजारी कोणी बसले नव्हते, इतकेच.

मी त्या दिवशी धडा बाजूला ठेवला. पर्यटकांना वाचवायला पुढे झालेला एक स्थानिक मुसलमान घोडेवालाही त्या कुरणात मारला गेला, हे मुलांना सांगितले. मग तुकाराम ओंबळ्यांची हकीकत सांगितली. वर्ग गप्प होता. तास संपल्यावर दोघे जण उठून त्या मुलाच्या बाकावर जाऊन बसले. सगळे बसले असे मी म्हणणार नाही. पण दोघे बसले.

शिक्षक बंधुभगिनींनो, एवढे आपल्या हाती आहे. एखादा मुलगा एकाएकी एकटा पडू लागला, रात्रंदिवस मोबाईलमध्ये तोंड घालून बसू लागला, कोणाचा तरी द्वेष बोलू लागला, तर तो कोणत्याही जातिधर्माचा असो, आधी त्याच्याशी बोला, त्याच्या आईबापांना भेटा. बेवारस वस्तू, अनोळखी होडी, संशयास्पद हालचाल दिसली तर पोलिसांना कळवा; पण पाहिले तेवढेच सांगा, पदरचे घालू नका. ऐकीव गोष्ट पुढे पाठवू नका. माणसाच्या वागण्यावर नजर असावी, त्याच्या नावावर नसावी.

जागल्या गेला, कंदील गेला. पण ते काम संपलेले नाही. ते आता आपणा सर्वांच्या वाट्याला आले आहे. झोपायचे नाही, विकले जायचे नाही आणि खोटी हाक द्यायची नाही, एवढे पाळू या.