मतदाराची ओळख : केंद्रावर आणि टपालाने



निवडणूक जाहीर झाली की गावोगाव एक वाक्य हमखास ऐकू येते : "कार्ड आहे की माझ्याजवळ, मग मला कोण अडवतो?" हे वाक्य अर्धेच खरे आहे. उरलेल्या अर्ध्यापायी कितीतरी माणसे भर उन्हात तासभर रांगेत उभी राहतात आणि मत न देताच घरी परततात.

मताचा अधिकार यादीने मिळतो, कार्डाने नव्हे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे बासष्टावे कलम सरळ सांगते की, ज्याचे नाव त्या मतदारसंघाच्या यादीत नाही त्याला तेथे मत देता येणार नाही. कार्डाचे काम त्यानंतर सुरू होते. यादीतली अमुक व्यक्ती ती हीच, एवढेच ते दाखवते. शिक्षक बंधुभगिनींना हे चटकन पटेल. हजेरीपटावर नावच नसेल, तर मुलाने नवा कोरा गणवेश घालून येऊन काय उपयोग? उलट नाव पटावर आहे आणि गणवेश मळलेला आहे, म्हणून काही आपण त्याला वर्गाबाहेर काढत नाही.

आपल्याकडे ओळखीचा हा प्रश्न पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीइतकाच जुना आहे. १९५१-५२ च्या त्या निवडणुकीची यादी तयार होत असताना उत्तरेकडील काही राज्यांत अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' अशा नोंदी झाल्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असे ठरवले, आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली. आज हा आकडा वाचताना वाईट वाटते. पण दुसऱ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मतदाराची ओळख केंद्रावर कोण आणि कशी पटवणार, हाही प्रश्न होताच. माझ्या मते आयुक्तांचा तो कठोरपणा योग्य होता. त्यानंतरच्या निवडणुकांत स्त्रिया आपापल्या नावाने यादीत आल्या.

छायाचित्राचे ओळखपत्र पुष्कळ नंतरचे. मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांच्या कारकीर्दीत, १९९३ मध्ये, ते देण्याचा निर्णय झाला. पण ते हरवले म्हणजे मत हरवले असे मुळीच नाही. लोकसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत मतदार ओळखपत्राऐवजी आणखी बारा कागदपत्रे चालतील असे निवडणूक आयोगाने जाहीर केले होते. आधार कार्ड, रोजगार हमीचे जॉबकार्ड, बँकेचे किंवा टपाल खात्याचे छायाचित्र असलेले पासबुक, वाहन चालवण्याचा परवाना, पॅन कार्ड, पासपोर्ट, फोटो असलेली निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, अपंगत्वाचे ओळखपत्र ही त्यांतली आपल्या घरात सापडण्याजोगी. घरोघर वाटली जाणारी मतदार चिठ्ठी मात्र या यादीत नाही. ती केंद्र आणि अनुक्रमांक सांगते, माणूस कोण ते सांगत नाही. चिठ्ठी घेऊन निघालात तर तिच्याबरोबर एखादे ओळखपत्रही असू द्या.

कार्डावरील नावात काना-मात्रेचा फरक असेल तर त्यावरून मतदाराला परत पाठवू नये, असे आयोगाचे सांगणे आहे. सासरी आलेल्या मुलीचे कार्ड माहेरच्या मतदारसंघातले असले तरी ओळखीसाठी ते चालते. अट एकच, की तिचे नाव आता सासरच्या यादीत हवे. ते नसेल तर आठ नंबरचा अर्ज भरून पत्ता बदलून घ्यावा लागतो, आणि ते काम मतदानाच्या सकाळी होत नाही! छायाचित्रच इतके जुने असेल की चेहरा जुळत नाही, तर बारांपैकी दुसरे कागदपत्र दाखवावे.

कागद झाले. पण केंद्रावर माणसेही बसलेली असतात. उमेदवारांचे मतदान प्रतिनिधी बहुधा त्याच परिसरातले असतात, आणि तोतया मतदार ओळखणे हे त्यांचे मुख्य काम. एखाद्या प्रतिनिधीला वाटले की समोरचा माणूस तो नव्हेच, तर दोन रुपये अनामत भरून त्याला आक्षेप घेता येतो. (हा दर १९६१ च्या नियमांतला आहे; दोन रुपयांत आता चहाही मिळत नाही, पण नियम आपला जागच्या जागी आहे.) मग केंद्राध्यक्ष तेथेच चौकशी करतात. आक्षेप सिद्ध झाला नाही तर आपण इतरांसारखेच यंत्रावर मत देता. खोडसाळपणाने आक्षेप घेतला असेल तर ते दोन रुपये जप्त होतात. म्हणून कोणी आक्षेप घेतला तर रागावून निघून जाऊ नका. उभे राहा, उत्तरे द्या.

याहून बिकट प्रसंग निराळा. आपण केंद्रावर पोहोचता आणि अधिकारी म्हणतो, "तुमचं मत झालंय." कोणीतरी आपल्या नावावर आधीच मत देऊन गेला! येथे बहुतेक माणसे कपाळाला हात लावून घरी जातात. तसे करू नका. केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मत मागा. आपली ओळख पटली की सही घेऊन आपल्याला कागदी मतपत्रिका दिली जाते. ती शिक्का मारून, घडी घालून वेगळ्या पाकिटात ठेवतात. प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की हे मत नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत. मग त्याचा उपयोग काय? निवडणूक न्यायालयात गेली तर असतो. राजस्थानात २००८ मध्ये नाथद्वारा मतदारसंघात सी. पी. जोशी केवळ एका मताने हरले. तेथील प्रदत्त मतांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जे मतदार त्या दिवशी मुकाट घरी गेले असतील, त्यांच्या मतांचा प्रश्न कोणत्याच न्यायालयात निघू शकला नसता.

आता टपालाचे मत. केंद्रावर चेहरा दिसतो, बोटाला शाई लागते. पाकिटाला ना चेहरा, ना बोट. तेव्हा तेथे ओळखीची सारी भिस्त सहीवर आणि साक्षांकनावर. सैन्यातल्या आपल्या मुलांना मतपत्रिका आता इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पोहोचते; तिची प्रत छापून, मत नोंदवून, साक्षांकित घोषणापत्रासह ती टपालाने परत पाठवायची. काही जवान गावातल्या माणसाला प्रतिनिधी नेमून त्याच्यामार्फत मत देतात. त्या प्रतिनिधीच्या डाव्या हाताच्या तर्जनीला नव्हे, मधल्या बोटाला शाई लावतात, कारण तर्जनी त्याच्या स्वतःच्या मतासाठी मोकळी राहिली पाहिजे.

पंच्याऐंशी वर्षांवरील वृद्धांना आणि चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना घरून मत देता येते. त्यासाठी १२-डी हा अर्ज निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत द्यावा लागतो. मग पथकच घरी येते आणि ओळख पाहून मत घेते. पहिल्या खेपेला माणूस घरी नसला तर पथक आणखी एकदा येते, तिसऱ्यांदा नाही. आणि एकदा हा मार्ग पत्करला की त्या आजोबांना मग केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. ही गोष्ट घरातल्यांनी त्यांना आधीच समजावून सांगावी.

शेवटी शिक्षकांसाठी. आपल्याला निवडणुकीचे काम लागते. नेमणूक स्वतःच्याच मतदारसंघात असेल तर कर्तव्य प्रमाणपत्र घेऊन, कामाच्या केंद्रावरच यंत्रावर मत देता येते. नेमणूक बाहेर असेल तर टपाली मतपत्रिका, आणि तीही आता सुविधा केंद्रावरच भरून द्यायची. तिच्यासोबत १३-अ हे घोषणापत्र असते. मतमोजणीच्या दिवशी बाहेरचे पाकीट उघडले की प्रथम हे घोषणापत्र पाहतात. ते नसेल, त्यावर सही किंवा साक्षांकन नसेल, किंवा त्यावरचा मतपत्रिकेचा क्रमांक आतल्या पाकिटावरच्या क्रमांकाशी जुळत नसेल, तर आतले पाकीट न उघडताच मत बाद होते. दिवसभर गावाच्या मतांची उस्तवार करणाऱ्या गुरुजींचे स्वतःचे मत असे बंद पाकिटात राहून जाऊ शकते. म्हणून सुविधा केंद्रावर घाई करू नका. साक्षांकन करणारा अधिकारी तेथेच बसलेला असतो. त्याच्यासमोर सही करा, त्याची सही घ्या, आणि पाकीट चिकटवण्यापूर्वी दोन्ही क्रमांक बोट ठेवून ताडून पाहा.