पुस्तकाला मत नसतं, पण…

(स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेले मनोगत)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'भावी नगरसेवक' अशी करून दिली. ते 'भावी' मतदारांच्या हातात आहे. आज मी मत मागायला उभा नाही. सरांसमोर मत मागायची हिंमतही नाही, कारण माझी दहावीची गुणपत्रिका त्यांना अजून पाठ असेल!

तुम्हां सर्वांना ठाऊक आहे, मार्चच्या परीक्षेत मी गणितात उडालो होतो. तुम्ही सगळे अकरावीला गेलात. घरी बसलो की वडिलांची नजर, पारावर बसलो की लोकांचे प्रश्न. गावात एकच जागा अशी होती, जिथे 'तू इथं काय करतोस?' असं कुणी विचारत नव्हतं. ती म्हणजे वाचनालय. सकाळी वर्तमानपत्र, मग गणिताचं पुस्तक, कंटाळा आला की कादंबरी. ग्रंथपाल काका दुपारी कुलूप लावताना फक्त एवढंच म्हणायचे, "उद्या ये." ऑक्टोबरला पास झालो. त्या दोन शब्दांचं ऋण माझ्यावर आहे.

आता खरं सांगतो. नोकरी-धंद्याला लागल्यावर वीस वर्षं मी त्या पायऱ्या चढलो नाही. प्रभागात फिरताना परवा गेलो. कपाटं तीच, पंखा तोच. पण टेबलं भरलेली होती. पोलीस भरतीची, तलाठ्याची, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं-मुली. एका मुलीनं सांगितलं, "काका, आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. खोलीत आम्ही पाच जण. खासगी अभ्यासिकेची फी परवडत नाही." माझ्या वेळी मला लपायला जागा हवी होती, हिला बसायला हवी आहे. मोबाईल सगळ्यांकडे आहे, हे खरं. पण मोबाईलमध्ये टेबल-खुर्ची येत नाही.

आपल्या नगर जिल्ह्याला हे नवीन नाही. नगरचं जिल्हा वाचनालय १८३८ सालचं आहे. नगरच्या किल्ल्यात कैदेत असताना पंडित नेहरूंनी १९४४ साली 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ते तर सांगायलाच नको. वारसा मोठा आहे, पण वारशाला छप्पर लागतं.

उमेदवार झाल्यावर मी थोडा कायदा वाचला. नगरपरिषदांचा आपल्याकडचा कायदा १९६५ चा. त्यात पाणी, दिवाबत्ती, गटारी ही आवश्यक कामं; वाचनालय मात्र ऐच्छिक कामांत. म्हणजे केलं तर केलं, नाही केलं तर कुणी विचारणार नाही. १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आला. त्यानुसार बहुतेक वाचनालयं स्थानिक संस्था चालवतात आणि अ, ब, क, ड अशा वर्गाप्रमाणे सरकार अनुदान देतं. तामिळनाडू-कर्नाटकात घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर घेतात, आपल्याकडे तो नाही. त्यामुळे छोट्या वाचनालयाचा सगळा संसार अनुदानावर आणि ग्रंथपालाच्या तुटपुंज्या मानधनावर चालतो.

माझ्या कार्यकर्त्यांना मी म्हणालो, जाहीरनाम्यात वाचनालय घालू. एक जण हसून म्हणाला, "भाऊ, पुस्तकाला मत नसतं. रस्ता लिहा, गटार लिहा." त्याचं चुकलं नाही. गटार तुंबली तर लोक दारात येतात. वाचनालय बंद पडलं तर कुणी येत नाही. जे पोरगं तिथं बसलं असतं, ते गुपचूप दुसरीकडे जाऊन बसतं. कुठे, ते आपण सगळे जाणतो.

म्हणून रस्ता आणि गटारीच्या खाली मी तीन ओळी लिहिल्या आहेत. वाचनालय रात्री दहापर्यंत उघडं राहावं. मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह असावं. आणि नगरपरिषदेच्या दरवर्षीच्या अंदाजपत्रकात पुस्तकांसाठी रक्कम ठेवली जावी, थोडी का असेना. एकटा नगरसेवक हे करू शकत नाही, सभागृहात बहुमत लागतं. पण ठराव मांडणं आणि तो नामंजूर झाला तर पुन्हा मांडणं माझ्या हातात आहे.

आणि पडलो तर? पडायची सवय मला दहावीपासून आहे. तेव्हा ऑक्टोबर होता, आताही असेल. निवडून आलो नाही तरी दर रविवारी दोन तास मी वाचनालयाच्या टेबलावर बसेन, पुस्तकं देवघेवीच्या नोंदवहीत लिहीन. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल त्यानं यावं. येताना घरातली जुनी पाठ्यपुस्तकं नव्हे, मुलं खरंच मागतात ती पुस्तकं आणावीत. यादी मी ग्रंथपालांकडून घेतली आहे, जेवणाच्या रांगेत सगळ्यांना दाखवतो.

सर, पुढच्या मेळाव्यात माझी ही तोंडी परीक्षा घ्या. एवढंच मागतो आणि थांबतो.