स्वागताध्यक्षीय भाषण : प्रयोगशाळा आणि टूलरूम



स्वागताध्यक्षाने निधी जमवावा, जेवणाकडे लक्ष द्यावं आणि भाषण लवकर आटोपावं, अशी आपल्याकडची रीत. पहिली दोन कामं झाली आहेत. मासवडीच्या रश्श्यापासून परदेशी पाहुण्यांनी जरा सांभाळून राहावं, एवढीच सूचना.

मी भौतिकशास्त्रज्ञ नाही. भोसरीच्या एमआयडीसीत माझी टूलरूम आहे, त्यामुळे पुणे विद्यापीठाच्या या भौतिकशास्त्र विभागाकडे मी कारखानदाराच्या नजरेने बघतो. इथे नॅनोपदार्थ, सौरघट, प्लाझ्मा असं बरंच काही चालतं. इलेक्ट्रॉनांचा मारा केल्यावर पदार्थ कसा बदलतो हे तपासणारा मायक्रोट्रॉनही आहे. यातलं गणित मला कळत नाही. मशीन कळतं.

जिनिव्हाजवळ सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेचा 27 किलोमीटर घेराचा बोगदा आहे. 2012 साली हिग्ज बोसॉन सापडल्याची बातमी आली, ती तिथूनच. त्या बोगद्यातली मुख्य चुंबकं प्रत्येकी 15 मीटर लांब आणि 30 टनांहून जड. एवढं धूड मिलिमीटरच्या अंशाने सरकवून जागेवर बसवायचं असतं. त्यासाठी लागणारे सुमारे 7,000 जॅक भारतातून गेले. आरेखन इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राचं, घडाई आपल्याच देशातल्या कारखान्यांची. शोधनिबंधावर हजारो नावं छापली जातात. त्यात टर्नर-फिटरचं नाव कधी नसतं. नसू दे. पण 2017 साली भारत सर्नचा सहयोगी सदस्य झाला, त्याआधीची कमाई या लोकांच्या हातांचीही होती, हे या व्यासपीठावरून एकदा म्हटलं पाहिजे.

आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे आपली पोरं तिकडे जाणं, असा आपला समज. नारायणगावजवळच्या खोडदला जाऊन या. गोविंद स्वरूप यांनी उभ्या केलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना तिथे आणि आसपासच्या परिसरात आहेत. निरीक्षणाचा वेळ प्रस्तावाच्या गुणवत्तेवर मिळतो; अर्जदार नेदरलँड्सचा आहे की नाशिकचा, हे विचारलं जात नाही. जून 2023 मध्ये अतिमंद कंपनांच्या गुरुत्वीय लहरींचे पुरावे जगभरच्या गटांनी एकाच वेळी मांडले. त्यात युरोपीय गटाच्या विश्लेषणाला खोडदच्या नोंदींची जोड होती. द्राक्षबागांच्या मुलखातून गेलेली ही माहिती आहे.

आता हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला 2,600 कोटी रुपये मंजूर केले. पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था त्यातली एक प्रमुख संस्था. अमेरिकेकडून यंत्राचा गाभा येणार. जागा, बांधकाम आणि चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमधली निर्वात व्यवस्था आपली. इतक्या लांब नळीत कुठेही गळती नको, म्हणजे वेल्डरची परीक्षा आहे. आमच्या भोसरीकरांनी ती द्यावी असं मला वाटतं.

राहता राहिले सामंजस्य करार. फोटो छान येतात. पण ज्या करारातून एकही विद्यार्थी किंवा नमुना इकडून तिकडे गेला नाही, तो करार नसून सत्कार होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाहुण्यांनो, तुमचं मनापासून स्वागत. एक विनंती करतो आणि बसतो. या सभागृहात मागच्या रांगांमध्ये अहिल्यानगर, नाशिक, बारामतीच्या महाविद्यालयांतले शिक्षक बसले आहेत. त्यांच्याकडे उपकरणं कमी आहेत, विद्यार्थी हुशार आहेत. चहाच्या सुट्टीत त्यांना स्वतःहून भेटा, आणि परतण्यापूर्वी त्यांच्यापैकी एकाबरोबर तरी पुढच्या वर्षीचं काम ठरवून जा.