मुकादम जुना आणि नवा



संगणकावर बोलायला कामगार चळवळीतला माणूस कशाला, असे आपणांस वाटेल. आम्ही कॉलेज पाहिले नाही. शिकलो ते युनियनच्या कचेरीत. परंतु आजचा प्रश्न मुळात मुकादमाचा आहे, आणि मुकादम आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

लिनक्स सुरू होताच पहिल्या क्रमांकाचा प्रोग्राम उठतो आणि बाकीच्यांना कामाला लावतो. जुन्या सिस्टिम फाइव्ह इनिटमध्ये प्रत्येक कामाची साध्या अक्षरांतली आज्ञापत्रिका असे. कामे एकामागून एक सुरू होत. गती मंद; पण पत्रिका कोणीही उघडून वाचावी. काम लावून दिले की मात्र हा मुकादम मागे वळून पाहत नसे.

२०१० साली लेनार्ट पोटरिंग यांनी सिस्टिमडी पुढे आणले. हा मुकादम अनेक कामे एकदम सुरू करतो, सांगून ठेवल्यास पडलेल्याला पुन्हा उभे करतो, नोंदवहीही स्वतःच राखतो. एवढे अधिकार एका हाती का, म्हणून वाद पेटला. २०१४ साली डेबियनच्या तांत्रिक समितीत चारास चार मते पडली. अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टिमडी आले. न पटलेल्यांनी देवुआन ही वेगळी चूल मांडली. आपल्या सी-डॅकची बॉस प्रणाली डेबियनवरच आधारलेली. तेव्हा हा वाद परका नव्हे.

आमचाच अनुभव सांगतो. वर्गणी नोंदवणारा प्रोग्राम मधूनच कोसळे. नवा मुकादम त्याला मुकाट्याने उठवी. आम्ही निर्धास्त! महिनाअखेर एका विडी कामगार बाईंना आम्ही म्हणालो, ‘तुमची वर्गणी भरलेली नाही.’ त्यांनी कनवटीची पावती काढून पुढे ठेवली. आमची मान खाली गेली. प्रत्येक पडझड वहीत होती. पण ती वही वाचायला खास आज्ञा लागते, आणि ती आम्ही शिकलोच नव्हतो. जुना मुकादम असता तर पहिल्याच दिवशी काम थांबून खिडकीपुढे रांग लागली असती.

म्हणून जुन्याकडे परत फिरा, असे आम्ही म्हणत नाही. रात्री दोनला पडलेले काम उठवायला आमच्याकडे पाळीचा माणूस नाही. पण बाणा तुटला की यंत्रमाग थांबतो, म्हणून तर चादर वाचते, हे सोलापूरकरांना सांगायला नको. आता आम्ही किती वेळा उठवायचे याला मर्यादा घातली आहे, आणि दर सोमवारी दोघांनी मिळून वही वाचायची असा ठराव केला आहे.

पावत्या मात्र अजून कागदावरच देतो.