गुडघा दुखत नव्हता

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण)



उत्सव समितीने मला सांगितलं, "काका, तुम्ही पळता, तर पळण्यावर दहा मिनिटं बोला." बोलतो. पण आधी एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी साताऱ्याची हाफ मॅरेथॉन मी अर्ध्यात सोडून आलो होतो. गुडघा धरला, असं सगळ्यांना सांगितलं. तुमच्यापैकी पाच-सहा जण चौकशीला आलात. बी विंगमधल्या वहिनींनी तेलाची बाटली पाठवली. गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं.

मग झालं काय होतं? माझी नोकरी बँकेतली, संगणक येण्याआधीची. संध्याकाळी दिवसभराच्या नोंदी जुळल्याशिवाय घरी जायचं नाही. फरक आला की आधी बघायचं, तो नऊने भागला जातो का? जात असेल तर बहुतेक कुठेतरी आकडे उलटे पडलेत, ५४ च्या जागी ४५. मग शोधा सगळी रजिस्टरं! अशी वर्षानुवर्षं काढली की वाटायला लागतं, आयुष्यही पै न् पै जुळलं पाहिजे.

निवृत्तीनंतर पळायला लागलो तेही वही घेऊन. तारीख, अंतर, वेळ, फरक असे रकाने. एक दिवस बुडाला तर आख्खा आठवडा वाया गेल्यासारखा वाटायचा. २१.१ किलोमीटर अडीच तासांत, म्हणजे किलोमीटरला सात मिनिटं सहा सेकंद, असं ठरवून मी साताऱ्याला गेलो.

ती शर्यत यवतेश्वरच्या घाटातली. जाताना चढ, येताना उतार. आठव्या किलोमीटरला मी नऊ मिनिटं मागे होतो. दम शाबूत, पाय शाबूत, पण वहीतला हिशोब फसला होता. कठड्यावर बसलो आणि मागून आलेल्या गाडीत चढलो. उतार अजून यायचाच आहे, हेसुद्धा डोक्यात आलं नाही. पुढे सहा महिने बूट माळ्यावर.

त्या दिवसांत एक हकिकत वाचनात आली. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकची मॅरेथॉन. शहर समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंच, हवा विरळ. टांझानियाचा जॉन स्टीफन अखवारी वाटेत पडला, गुडघा जबर दुखावला. त्याचा खरोखरचा! इथिओपियाच्या मामो वोल्डेने २ तास २० मिनिटांत शर्यत जिंकली. अखवारी पायाला पट्ट्या बांधून तासाभराने, अंधार पडल्यावर स्टेडियममध्ये आला. ७५ जण निघाले होते, ५७ पोचले, आणि हा सत्तावन्नावा. दोनच वर्षांनी एडिंबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तोच पाचवा आला.

मला लाज वाटली. आणि बँकेतलीच दुसरी गोष्ट आठवली. रात्री उशिरापर्यंत फरक सापडला नाही की आम्ही काय करत होतो? ती रक्कम सस्पेन्स खात्यात टाकायचो आणि घरी जायचो. दुसऱ्या दिवशी शाखा वेळेवर उघडायची. फरक निघाला म्हणून बँक बंद केली, असं कधी झालं नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा साताऱ्याला गेलो. घड्याळ घरी ठेवलं. चढावर पाच मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं. चालायची लाज वाटायची, ती सस्पेन्समध्ये टाकली. फार पुढचं बघायचं नाही, समोरचं वळण तेवढं गाठायचं. तीन तास चार मिनिटं लागली. ठरवलेल्यापेक्षा चौतीस मिनिटं जास्त. घरी आल्यावर वहीत फक्त "पूर्ण" एवढंच लिहिलं.

तेव्हापासूनचे माझे नियम सांगतो. सरावाचा दिवस बिघडला तर दहा मिनिटं तरी बाहेर पडायचं. बुडालेला दिवस दुसऱ्या दिवशी दुप्पट पळून भरून काढायचा नाही, त्याने खरंच गुडघा जातो. शर्यतीच्या आदल्या रात्री काय काय बिघडू शकेल ते मनात आणायचं, पाऊस, वांती, बुटाची नाडी, आणि तेव्हा काय करायचं तेही ठरवायचं. म्हणजे बिघडलं की घाबरायला होत नाही. मन असंच घट्ट होतं, थोडं थोडं, रोजच्या सवयीने.

मात्र छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा. ते थांबणं शहाणपणाचं. मी कठड्यावर बसलो ते थांबणं वेगळं होतं, तो नुसता रुसवा होता.

आपल्याकडे दहावी-बारावीची मुलं आहेत. त्यांच्या आईवडिलांना एवढंच सांगतो, ९२ टक्के घेऊन आलेल्या पोराला उरलेल्या आठाचा हिशोब विचारू नका. मी विचारत होतो. त्याचा फरक अजून सस्पेन्स खात्यातच पडून आहे.

वहिनी, तुमच्या तेलाबद्दल मनापासून आभार आणि क्षमा. आता सत्तरीनंतर ते खरोखर लागतं!

रविवारी सकाळी सहाला मी गेटपाशी असतो. पळालंच पाहिजे असं नाही. चालत या, उशिरा या, पण या.